हजेरीची खोली

देशमाने मास्तरांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि खुर्चीत न बसताच म्हणाले, "साहेब, रिकाम्या भिंतींना शिकवून पगार घेणं माझ्या मनाला पटत नाही."

"आधी बसा तर खरं. झालं काय?"

"पहिल्या दिवशी एकेचाळीस मुलं आली. आंघोळी करून, डोक्याला तेल चोपडून. मला वाटलं, लोक उगाच या वस्तीला नावं ठेवतात. एकेकाचं नाव विचारून पट तयार केला. दुसऱ्या दिवशी पट उघडला आणि हजेरी घ्यायला लागलो. चौथं नाव पुकारलं, तेवढ्यात दारात बसलेली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, 'चला रं.' पाचव्या नावाला वर्गात चिटपाखरू नव्हतं."

"मग?"

"मग आज सोळावा दिवस. मी रोज अकराला पट उघडतो, एकेचाळीस नावं पुकारतो, एकेचाळीस वेळा गैरहजेरी मांडतो आणि पाचला कुलूप लावून येतो. या लोकांना शिक्षणाची गोडी नाही, असा अहवाल लिहून आणलाय. तुम्ही फक्त सही करा."

मास्तर वाईट नव्हते. वाईट असते तर त्यांनी एकेचाळीसच्या एकेचाळीस हजर मांडून पगार खाल्ला असता आणि मला वर्षभर पत्ता लागला नसता. मी किल्ली खणात टाकली, अहवाल बाजूला ठेवला आणि सही केली नाही.

ही गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या सहा-सात वर्षांतली. मी तेव्हा तालुक्याचा शाळा तपासनीस होतो. हुद्द्याचं इंग्रजी नाव इतकं लांब होतं की खेडोपाडी त्याचं 'दिपोटी' करून टाकलं होतं. वय सत्तावीस, अंगावर खादीचा कोट, बुडाखाली सरकारी सायकल. मास्तर शोधायचे आणि शाळांवर नेमायचे, हे माझं मुख्य काम. बाकी सगळ्या शाळांना मास्तर मिळत. चिंचणूरच्या वसाहतीला मिळत नव्हता.

वसाहत टकारी लोकांची. जात्या-पाट्यांना टाकी लावत, म्हणजे छिन्नीने गुळगुळीत झालेला दगड पुन्हा खरबरीत करत, गावोगाव फिरणारी ही माणसं. इंग्रजांनी कायदा केला आणि अख्ख्या जमातीवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला. गावाबाहेर तारेचं कुंपण घालून आत डांबलं. तिथे मूल जन्मलं की तेही गुन्हेगार. पुढे स्वराज्य आलं, कायदा गेला, तार तोडली. सरकारी कागदावर हे लोक 'विमुक्त' झाले. सुटलेल्या माणसांना पहिलं काय द्यायचं, तर शाळा, असं वर ठरलं. शाळा देणं सोपं होतं. माझ्या नाकी नऊ आले ते मास्तर देताना.

वसाहतीचा हुकूम हातात पडला की धडधाकट माणसाला मूळव्याध होई. एकाची सासू त्याच आठवड्यात तिसऱ्यांदा वारली. एक जण रुजू झाला, पण ट्रंकेला दोन कुलपं लावून आला. दुसऱ्या दिवशी ट्रंकेसकट परत गेला. कुणी काही चोरलं नव्हतं. झोप लागली नाही, एवढीच त्याची तक्रार होती. देशमाने मास्तर चौथे.

वसाहतीत दगडी इमारत एकच. एक लांब खोली, पुढे ओटा, त्यापुढे मोकळं पटांगण. ती खोली शाळेला मिळाली होती, पण पोलीस खात्यालाही तीच हवी होती, चौकीसाठी. शेवटी निकाल झाला तो असा: दिवाळीआधी तपासणी होईल. पंचवीस मुलं रोज येताहेत असं दिसलं तर खोली शाळेची. नाही तर चौकी. तार तोडून वर्ष होतं न होतं तोच पुन्हा त्यांच्या मधोमध खाकी टोपी बसणार होती, आणि ते टाळायचं तर मला दिवाळीच्या आत असा मास्तर हवा होता, ज्याच्यासमोर ही मुलं बसतील.

दुसऱ्या दिवशी मी सायकल काढली.

ती म्हातारी ओट्यावरच भेटली. तिम्माक्का तिचं नाव. कपाळभर कुंकू, हातात छिन्नी, पुढ्यात कुणाचा तरी पाटा. पन्नाशी उलटलेली असेल, पण छिन्नीचा घाव एकसारखा पडत होता.

"तिम्माक्का, पोरं का उठवून नेलीत?"

"तुमच्या मास्तरानं हजेरी लावली म्हणून."

"अहो, शाळेत हजेरी असतेच. सगळीकडे असते."

"सगळीकडं असंल. ह्या खोलीत न्हाई चालायची." तिने छिन्नी खाली ठेवली. "दिपोटी, ह्या पटांगणात मी तीस वर्सं हजेरी दिली. दिस उगवायला एक, मावळायला एक. बाप्यांनी, बायांनी, धा वर्सांच्या पोरांनी बी. पट ह्याच खोलीतनं बाहेर यायचा. नाव पुकारलं की हुबं ऱ्हायचं, आपलं नाव, बापाचं न्हाईतर नवऱ्याचं नाव सांगायचं आन् म्हणायचं, हजर. माझी थोरली लेक पोटात हुती, कळा लागल्या हुत्या. मी घरात पडून ऱ्हायले. नवरा सांगायला गेला, बाई अडलीया. जमादार म्हणला, चालत यिऊन सांगू दे. आले मी. भिंतीला धरून आले. हजर म्हणले. तर म्हणतोय कसा, 'ऐकू आलं न्हाई. मोठ्यानं.'"

तिने छिन्नी पुन्हा उचलली.

"दोनदा म्हणाय लावलं त्यानं. तवा शिकवायचं तर शिकवा. आमची पोरं हुशार हायेत. पण तार तुटल्यावर जल्मलेलं पोर कुणाच्या पुढं हुबं ऱ्हाऊन हजर म्हणणार न्हाई. त्येचा थोरला भाऊ बी न्हाई. चौकी करायची तर करा."

तिने त्या जमादाराचं नावही सांगितलं. मी प्यायला घेतलेला पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि सायकलीवर बसलो.

सोमवारी कचेरीत आलो तर व्हरांड्यातल्या बाकावर साळवेबाई बसलेल्या. त्या दर सोमवारी येत. यमुना लक्ष्मण साळवे, वय तेवीस, ट्रेनिंग कॉलेजातून पहिल्या वर्गात उत्तीर्ण. महारवाड्यातून निघून तिथवर पोचलेली ही माझ्या माहितीतली पहिली मुलगी. मी त्यांना दोन गावं देऊन पाहिली होती. पहिल्या गावात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. दुसऱ्या गावात खोली मिळाली, पण विहिरीवर पाणी मिळालं नाही, आणि आठवड्याभरात लोकांनी मुलं काढून घेतली. तेव्हापासून बाई बाकावर आणि मी कागदांच्या आड.

मला एकदम सुचलं. एका दगडात दोन पक्षी! स्वतःच्या हुशारीवर खूश होत मी बाईंना आत बोलावलं.

"साळवेबाई, तुम्हाला चिंचणूरच्या वसाहतीवर नेमतोय."

त्यांनी हुकूम वाचला. घडी घातली नाही. "साहेब, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"मला तिथे पाठवताय ते मी चांगलं शिकवते म्हणून, की दुसरीकडे मला कुणी ठेवून घेत नाही आणि तिथे कुणी जात नाही म्हणून?"

आजवर मूळव्याधीचे दाखले पुष्कळ पाहिले होते, पण असा सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"खरं सांगू?"

"सांगा."

"दुसरं कारण. पहिलं मला ठाऊक नाही. मी तुमचा वर्ग अजून पाहिलेला नाही."

बाई हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं. "मग जाते. खोटं बोलला असता तर गेले नसते."

मी त्यांना हजेरीची सगळी हकिगत सांगितली. म्हणजे तिम्माक्काने सांगितली त्यातली बरीचशी. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "महिनाभर तपासणीला येऊ नका. पट कोरा दिसला तर ओरडू नका."

"महिना फार होतो, बाई. दिवाळीला तीनच उरलेत."

"मग पोचवायला या. पण ओट्यापर्यंतच."

ओट्यापर्यंतच, हे माझ्या अगदी पथ्यावर पडलं.

बाईंना पोचवायला गेलो तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. सकाळची वेळ, बायका घरापुढे टाक्यांची कामं काढून बसलेल्या. पटांगणात पोरं गोट्या खेळत होती, आम्हाला पाहताच पांगली. तिम्माक्का ओट्यावर होतीच. बाईंनी कुलूप काढलं, आतून तो नवा कोरा पट आणला आणि तिम्माक्काच्या हातात दिला.

"हे मला कशाला? मला वाचाय येत न्हाई."

"वाचायचं नाही, पुकारायचं. माझी हजेरी घ्या."

"थट्टा करता व्हय, बाई?"

"थट्टा नाही. मी नवी आहे. तुमच्या वस्तीत आलेय. मी कोण, कुणाची, हे तुम्हाला कळायला नको? तुम्ही तीस वर्षं दिलीत. मी रोज एकदा देईन."

आणि बाई ओट्यावरून खाली उतरून पटांगणात, ऐन उन्हात उभ्या राहिल्या. पदर नीट केला. बायांचे हात टाक्यांवरच थांबले होते. दारादारांतून माणसं बघत होती. तिम्माक्काने पट उलटा धरला होता.

"पुकारा की."

"काय नाव तुमचं?"

"यमुना लक्ष्मण साळवे. राहणार महारवाडा, बारगाव. हजर."

मग तिम्माक्काने बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"ऐकू आलं न्हाई," ती म्हणाली. "मोठ्यानं!"

एक म्हातारा फिसकन हसला. मग एक बाई हसली. मग अख्खं पटांगण हसायला लागलं, आणि साळवेबाई सगळ्यांत मोठ्याने ओरडल्या, "यमुना लक्ष्मण साळवे! हजर!"

त्या दिवशी वर्गात एकही मूल आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण बाई रोज सकाळी पटांगणात उभ्या राहून हजेरी देत, मग आत जाऊन फळ्यावर सुंदर अक्षरात तारीख लिहीत आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने गोष्ट सांगत. गोष्ट अर्धी झाली की थांबत. उरलेली उद्या. अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी तिम्माक्काची नात दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कालच्या राजाचं पुढं काय झालं?"

बाई म्हणाल्या, "आत ये, सांगते. पण आधी माझी हजेरी घे."

तिथून रीतच पडली. खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या मोठ्या माणसाने नाव, बापाचं नाव आणि गाव सांगून हजेरी द्यायची, आणि ती घ्यायची वस्तीने. देवीची लस टोचणारा आला, त्याने दिली. पुस्तकं घेऊन बैलगाडीवाला आला, त्याने दिली. मुलं मात्र कुणाला देत नव्हती. बाई मुलांकडे नुसतं बघून, न पुकारता पट भरत. आकडा बाराचा वीस झाला, विसाचा तीस. नवरात्रापर्यंत त्रेचाळीस मुलं झाली.

हे सगळं मला बाईंकडून आणि ओट्यावरून कळे. मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा ओट्यावर बसूनच शेरेबुकात सही केली.

"आत या की, साहेब. मुलांनी पाढे पाठ केलेत."

"ओट्यावरून ऐकू येतात चांगले. सायकलीला कुलूप नाही."

बाई सायकलीकडे बघत. वसाहतीतली बारकी पोरं माझ्या सायकलीची राखण करत होती, घंटी वाजवून वाजवून. मी ताकाला जाऊन भांडं लपवतोय, एवढं त्यांना कळलं असावं. कसलं भांडं, ते कळलं नव्हतं. तिथे मला सगळे दिपोटी म्हणत आणि ते मला बरं होतं.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात स्कूल बोर्डाचे मोठे साहेब स्वतः तपासणीला आले. टिपणीस साहेब. माणूस सज्जन, पण खोट्या पटांचा कर्दनकाळ. पटावर शंभर आणि वर्गात तीस, अशा शाळा त्यांनी जिल्हाभर पकडल्या होत्या. जीप वसाहतीत शिरली तेव्हा मी पुढच्या सीटवर होतो. या वेळी सायकलीची सबब नव्हती.

खोली भरली होती. त्रेचाळीस मुलं ओळीत, कडेला आया-बाप उभे, दारात तिम्माक्का. साहेब खुर्चीत बसले. मी दाराशी घुटमळत राहिलो.

"पट बघू." त्यांनी पानं चाळली. "उपस्थिती छान दिसते. फारच छान. बाई, यातली मुलं खरोखर याच शाळेची कशावरून? आजच्यापुरती गोळा केलेली नाहीत कशावरून? नावं पुकारा. प्रत्येक मूल उभं राहून हजर म्हणेल. मी मोजतो."

साळवेबाईंचा चेहरा उतरला. "साहेब, या शाळेत आम्ही नावं पुकारत नाही."

"मग पट भरता कसा?"

"बघून."

"असा पट मला चालत नाही, बाई. नियम तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी एकच आहे. पुकारा, नाही तर मला हा पट खोटा धरावा लागेल."

मागच्या ओळीतला एक मुलगा हळूच उठला. मग दुसरा. एका बापाने पोराचा हात धरला. माझ्या डोळ्यांपुढे त्या ओट्यावर खाकी टोपी दिसायला लागली.

तेवढ्यात तिम्माक्का बोलली. "सायेब, बसा म्हणा पोरास्नी. पोरं हजेरी देतील."

बाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

"ह्या बाई आमच्या पोरांसाठी तीन म्हैनं उनात हुबं ऱ्हायल्या. त्येंच्या शब्दाखातर पोरं एकदा देतील. पण हितं एक रीत हाय. आत आलेलं मोठं माणूस आधी आपली देतंय. ती तुम्ही द्या. मग आमची घ्या."

मला वाटलं, संपलं. साहेब आता उठतील आणि जीप मागवतील. ते उठलेही. पण त्यांनी कोटाचं बटण लावलं, हात बाजूला सरळ सोडले आणि म्हणाले, "नरहर विश्वनाथ टिपणीस. राहणार पेण. हजर."

वर्गात एक मोठा श्वास सुटला. त्या माणसाला मी त्या क्षणी मनातल्या मनात नमस्कार केला.

तिम्माक्का माझ्याकडे वळली. "दिपोटी, तुम्ही बी. तुम्ही कवा आत आलाच न्हाई."

"मी... माझं काय, मी तर घरचाच."

"अहो मुळीक, उरका की," टिपणीस साहेब म्हणाले. "उशीर होतोय."

मुळीक, हे नाव खोलीत पडलं आणि भिंतीकडेची माणसं स्तब्ध झाली. एका म्हाताऱ्याने डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं. कशासाठी, ते त्यालाही कळलं नसेल. जुनी सवय.

"कोणतं मुळीक?" तिम्माक्काने विचारलं.

त्या दिवशी ओट्यावर तिने जमादाराचं नाव सांगितलं होतं, असं मी मघाशी म्हटलं. कोणतं, ते मी तुम्हाला सांगितलं नाही, आणि ते माझे कोण, हे तिलाही कळू दिलं नाही. सखाराम मुळीक. माझे वडील. चिंचणूरला अकरा वर्षं जमादार होते. मी तेव्हा आजोळी राहून शिकत होतो. वडील सुट्टीवर येताना माझ्यासाठी पेन्सिली आणत, माझी पुस्तकं छातीशी धरून गावभर मिरवत. या भल्या माणसाने कळा येणाऱ्या बाईला भिंत धरून चालायला लावलं होतं, हे मी प्रथम त्या ओट्यावर ऐकलं. तेव्हापासून या वसाहतीत चोराच्या मनात चांदणं होतं ते एकट्या माझ्या.

मुळीक पुष्कळ आहेत. कुठल्याही गावचं नाव सांगून मला सुटता आलं असतं. टिपणीस साहेबांनाही काही कळलं नसतं. पण समोर साळवेबाई उभ्या होत्या. खोटं बोलला असता तर गेले नसते, असं म्हणून ही मुलगी इथे आली होती.

मी खोलीत पाऊल टाकलं. मधोमध उभा राहिलो.

"भगवंत सखाराम मुळीक. सखाराम जमादारांचा मुलगा. हजर."

माझा आवाज मलाच कसातरी वाटला. तिम्माक्का माझ्याकडे बघत राहिली. तिची नात बघत होती, त्रेचाळीस मुलं बघत होती.

"मोठ्यानं," तिम्माक्का म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही.

"भगवंत सखाराम मुळीक," मी ओरडलो. माझे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची मला लाज वाटली नाही. "सखाराम जमादारांचा मुलगा. हजर!"

तिने मान हलवली. माफ केलं असं नाही, रागावली असंही नाही. एक नाव घेऊन झालं, पुढचं घ्यायचं, एवढंच. "बसा," ती म्हणाली. मग साळवेबाईंकडे वळून, "घ्या बाई. पुकारा पोरांची."

बाईंनी पट हातात घेतला. पहिलं नाव तिम्माक्काच्या नातीचं होतं. पोरगी ताडकन उठली आणि असं काही "हजर!" म्हणाली की ओट्यावरच्या चिमण्या उडाल्या. मग पुढचं, मग त्यापुढचं. एकही मूल खाली बघून बोललं नाही. त्रेचाळीस वेळा त्या दगडी खोलीत तो शब्द उमटला, आणि प्रत्येक वेळी मागे उभ्या असलेल्या कुणातरी आई-बापाची मान एक इंचभर वर गेली. मी पुढे तीस वर्षं नोकरी केली, शेकडो वर्ग तपासले. छाती भरून यावी अशी हजेरी मी ती एकच ऐकली.

टिपणीस साहेबांनी शेरेबुकात दोनच ओळी लिहिल्या. पट खरा आहे. खोली कायम शाळेकडे ठेवावी.

जीपमध्ये बसताना ते मला म्हणाले, "मुळीक, ही बाई तुम्हाला सापडली कुठे?"

"बाकावर, साहेब. सहा महिने माझ्याच बाकावर बसल्या होत्या."

"आणि तुम्हाला दिसल्या नाहीत?"

"नाही."

जीप निघणार, तेवढ्यात साळवेबाई पट घेऊन धावत आल्या. त्यांनी मागचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. तिथे त्यांच्या सुंदर अक्षरात एक नवीन नाव लिहिलेलं होतं.

"चव्वेचाळिसावं," त्या म्हणाल्या. "तिम्माक्कांनी घालायला सांगितलंय. म्हणतात, बापानं रोज दोनदा घेतली, पोरानं म्हैन्याला एकदा द्यावी. याल ना?"

वडील तेव्हा गावी असत, थकले होते. त्या दिवाळीत मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी अंगणाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "तायाप्पाची बायको ती. मुलगी झाली होती ना तिला?" मी म्हटलं, हो, आणि आता त्या मुलीची मुलगी वाचते. त्यांनी डोळ्यांवर पंचा ओढून घेतला. पुढे तो विषय आमच्यात निघाला नाही.

माझी बदली नऊ वर्षांनी झाली. तोवर साळवेबाई तिथल्या मुख्याध्यापिका झाल्या होत्या आणि शाळेत सातवीपर्यंत वर्ग होते. त्यांच्या हाताखाली देण्यासाठी मला पुढे एकही मास्तर बाहेरून शोधावा लागला नाही. तिम्माक्काची नात ट्रेनिंगला गेली. तिचा नेमणुकीचा हुकूम मी सही करताना दोनदा वाचला.

आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. माझ्या नोकरीच्या पुस्तकात रजा आहेत, आजारपणं आहेत, एक ठपकाही आहे. पण चिंचणूरच्या पटावर नऊ वर्षांच्या एकशे आठ महिन्यांत भगवंत सखाराम मुळीक या नावापुढे एकही खाडा नाही.